बेसबॉलचा ब्रॅडमन कोण?

एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही दोघंही क्रिकेटवर वाढलेले. मुलगा इथे न्यू जर्सीत शाळेच्या बेसबॉल टीममध्ये आहे. घरी येऊन बेब रूथ, विली मेज, ओहतानी अशी नावं घेत असतो. ब्रॅडमनच्या ९९.९४ सारखा एखादा आकडा बेसबॉलमध्ये आहे का, ज्यावर बोट ठेवून सर्वांत मोठा खेळाडू कोण ते सांगता येईल?"

अख्ख्या कारकिर्दीचा म्हणाल, तर असा आकडा नाही. एका वर्षापुरता आहे. तो १९२० चा आणि बेब रूथचा, त्याबद्दल पुढे सांगतो. सर्वांत मोठा खेळाडू कोण, या प्रश्नाला मात्र माझं उत्तर ठरलेलं आहे: विली मेज. इथल्या मुलांच्या लीगमध्ये मी बरीच वर्षं स्कोअरबुक सांभाळतो, गरज पडली तर अंपायर म्हणूनही उभा राहतो, आणि या खेळाचे जुने रेकॉर्ड चाळत बसणं हा माझा आयुष्यभराचा नाद आहे. त्यातून एक सवय लागली. कुठलाही मोठा आकडा समोर आला की मी आधी तीन गोष्टी बघतो. त्या वर्षी चेंडू कसा होता, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, किती उंचीवरून टाकत होता आणि मैदानात उतरायची मुभा कोणाला नव्हती. यातली तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची.

क्रिकेटच्या माणसाला हा खेळ परका वाटायचं काही कारण नाही. आकड्यांचं हे सगळं वेड ज्याने लावलं तो हेन्री चॅडविक इंग्लंडमधल्या एक्सेटरचा. अमेरिकेत तो आधी क्रिकेटच्या बातम्या द्यायचा. सामन्याचा गोषवारा देणारा बॉक्स स्कोअर त्याने रुळवला. स्ट्राइकआउटसाठी (तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद होणं) आपण आजही 'के' लिहितो, त्याचं श्रेयही त्यालाच देतात. १८६९ मध्ये सिनसिनाटीचा पहिला उघडपणे व्यावसायिक संघ बांधणारा हॅरी राइट जन्माने शेफिल्डचा आणि पेशाने क्रिकेटपटू होता. आणि तुम्ही न्यू जर्सीत राहता, तर एकदा होबोकेनला जरूर जा. तिथल्या एलिशियन फील्ड्सवर १९ जून १८४६ ला निकरबॉकर क्लब न्यूयॉर्कच्या संघाकडून २३-१ असा सपाटून हरला होता. लिखित नियमांनी झालेल्या अगदी सुरुवातीच्या सामन्यांत त्याची गणना होते. आता तिथे वस्ती आहे, पण खुणेचा फलक लावलेला आहे. ॲब्नर डबलडेने १८३९ मध्ये कूपर्सटाउनला हा खेळ शोधून काढला, असं तुमच्या मुलाला कोणी सांगितलं असेल तर ते खरं नाही. त्या वर्षी डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता.

आता सरासरीचं गणित. शंभर वेळा बॅटिंग करून तीस हिट मिळाल्या (म्हणजे चेंडू मारून बेसवर, धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर, सुखरूप पोहोचला) तर सरासरी .३००, आणि .३०० चा बॅटर चांगला समजतात. म्हणजे चांगला बॅटरसुद्धा दहापैकी सात वेळा हात हलवत परततो. क्रिकेटमध्ये ब्रॅडमन आउट होईपर्यंत खेळू शकत होता, दोन-दोन दिवस खेळू शकत होता. बेसबॉलमध्ये बॅटर कितीही मोठा असो, त्याची पाळी उरलेल्या आठ जणांनंतरच येते आणि सामन्यात चार-पाचदाच येते. एकट्याने सामना ओढून न्यायची सोयच या खेळात नाही. म्हणून सरासरीच्या यादीत वरची माणसं एकमेकांना खेटून उभी असतात, ब्रॅडमनसारखं मैलभर पुढे कोणी नसतं.

अपवाद १९२० चा. बेब रूथ बोस्टन रेड सॉक्समध्ये आला तो डावखुरा पिचर म्हणून, आणि पिचरही अव्वल दर्जाचा. १९१६ मध्ये त्याच्या नावावर २३ विजय आहेत, १९१७ मध्ये २४. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या अजिंक्यपदाच्या मालिकेत, सलग २९ हून जास्त इनिंग्ज (एका सामन्यात नऊ असतात) त्याने एकही धाव दिली नाही आणि हा विक्रम १९६१ पर्यंत टिकला. पण त्याची बॅट बघून त्याला रोज खेळवायला सुरुवात झाली आणि १९१९ मध्ये त्याने २९ होम रन (आपल्या षटकारासारखे, कुंपणापलीकडे) मारले. तोही तेव्हा विक्रमच होता. त्या डिसेंबरात बोस्टनने त्याला १ लाख डॉलरला न्यूयॉर्क यँकीजला विकलं. पुढच्या वर्षी त्याने ५४ मारले. लीगमध्ये त्याच्या खालोखाल होता जॉर्ज सिसलर, त्याचे १९. अमेरिकन लीगच्या उरलेल्या सात संघांपैकी एकाही संघाला सगळे खेळाडू मिळून ५४ होम रन गाठता आले नाहीत. ब्रॅडमन आठवावा असा बेसबॉलमधला आकडा हाच. योगायोग असा की १९३२ मध्ये ब्रॅडमन अमेरिकेच्या दौऱ्यावर आला, तेव्हा यँकी स्टेडियममध्ये रूथची आणि त्याची भेटही झाली होती.

पण १९२० मध्ये खेळही बदलत होता. तोवर शक्य तितका वेळ एकच चेंडू चालवायचे. तंबाखूची थुंकी, माती, घासून पाडलेले ओरखडे यांनी तो काळामिट्ट आणि मऊ पडायचा. त्या वर्षापासून चेंडूला थुंकी लावण्यावर बंदी आली, फक्त काही जुन्या पिचरना सवलत राहिली. मग १६ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर क्लीव्हलंडचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) रे चॅपमन याच्या डोक्याला चेंडू लागला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. पिचरचा चेंडू लागून मरण पावलेला मेजर लीगमधला (अमेरिकन आणि नॅशनल या सर्वोच्च लीग मिळून) तो एकमेव खेळाडू. त्यानंतर मळलेला चेंडू लगेच बदलायचा, असा पायंडा पडला. पांढरा, स्वच्छ दिसणारा चेंडू बॅटरच्या पथ्यावर पडला. पण तो सगळ्यांच्याच वाट्याला आला होता, आणि ५४ एकट्या रूथने मारले. म्हणून खेळ कोणी बदलला असं विचाराल, तर मी डोळे झाकून त्याचं नाव सांगेन. त्याच्या आधी लोक एकेका धावेसाठी बंट (चेंडू हलकेच समोर टेकवणं) आणि चोरट्या बेसवर (पिचर चेंडू टाकत असतानाच पुढचा बेस गाठणं) खेळायचे. त्याच्यानंतर प्रत्येक शाळकरी पोराला कुंपणापलीकडे चेंडू मारायचा होता.

रूथच्या ७१४ होम रनमागे आणखी एक गोष्ट आहे. त्याच्या संपूर्ण कारकिर्दीत मेजर लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. कुठे लेखी नियम नव्हता, मालकांनी आपसात पाळलेली बंदी होती. रूब फॉस्टरने १९२० मध्ये कॅन्सस सिटीत नीग्रो नॅशनल लीग उभी केली, ती याच बंदीमुळे. तिथला सर्वांत मोठा बॅटर जोश गिब्सन, होमस्टेड ग्रेज संघाचा कॅचर. कॅचर म्हणजे सामनाभर उकिडवं बसून चेंडू अंगावर घेणारा माणूस. ते करून गिब्सन जे चेंडू मारायचा त्याच्या कहाण्या आजही सांगतात. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममधल्या (थोर खेळाडूंचं मानाचं दालन) त्याच्या फलकावर लीगचे आणि बाहेरचे सामने धरून जवळजवळ ८०० होम रन कोरलेले आहेत. अधिकृत नोंदीत आहेत ते पावणेदोनशेच्या आत, कारण लीगचे सामनेच कमी असायचे. पोटासाठी हे संघ गावोगाव फिरून खेळत आणि त्यातल्या बहुतेक सामन्यांचं स्कोअरबुक कोणी जपलं नाही. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये गेला, वय ३५. आणखी तीन महिन्यांनी बंदी मोडली.

मेजर लीगने डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातल्या सात नीग्रो लीगना मेजरचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे मुख्य रेकॉर्डमध्ये घेतले. टाय कॉबची .३६७ ही कारकिर्दीची सर्वोच्च सरासरी मागे पडली. आता पहिल्या नंबरावर गिब्सन आहे, .३७२. यावर बरीच कुरकुर झाली. सामने थोडे होते, आकडे अपुरे आहेत, वगैरे. अपुरे आहेतच. पण कॉब आणि रूथ यांनाही देशातल्या कित्येक उत्तम पिचरसमोर लीगमध्ये कधी उभं राहावं लागलं नाही, आणि त्यांच्या आकड्यांना त्याबद्दल कोणी अपुरं म्हणत नाही. माझ्या मते २०२४ चा निर्णय योग्यच होता आणि फार उशिरा झाला.

जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर डॉजर्सतर्फे उतरला. वय २८. म्हणजे खेळाडूची उमेदीची निम्मी वर्षं आधीच गेलेली. डॉजर्सचा कारभार बघणाऱ्या ब्रँच रिकीने त्याला निवडताना अट घातली होती की कोणी कितीही डिवचलं तरी पहिली काही वर्षं उलट उत्तर द्यायचं नाही. शिव्या, धमक्या, मुद्दाम अंगावर टाकलेले चेंडू हे सगळं सोसून तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला, आणि १९४९ मध्ये .३४२ च्या सरासरीने लीगचा सर्वोत्तम खेळाडू. शाळेत मुलांना रॉबिन्सनच्या धैर्याचा धडा असतो, तो असायलाच हवा. पण त्या धड्यात त्याचा खेळ हरवतो याचं मला फार वाईट वाटतं. बेसवर उभा राहिला की तो पिचरचा जीव खायचा. १९५५ च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना काढून बघा. आठवी इनिंग, डॉजर्स दोन धावांनी मागे, रॉबिन्सन तिसऱ्या बेसवर, वय ३६. पिचर चेंडू टाकायला निघाला आणि हा थेट होम प्लेटकडे (जिथे पोहोचलं की धाव होते) धावत सुटला. कॅचर योगी बेरा अंपायरपुढे थयथयाट करत राहिला, पण निर्णय 'सेफ'. तो सामना डॉजर्स हरले, ती सिरीज मात्र जिंकले. ब्रुकलिनने जिंकलेली ती एकमेव वर्ल्ड सिरीज. १९९७ मध्ये त्याचा ४२ नंबर सगळ्या संघांनी मिळून निवृत्त केला.

निव्वळ बॅटिंग म्हणाल, तर माझा माणूस टेड विल्यम्स. त्याचा एक दिवस स्कोअरबुकात मांडून दाखवतो. २८ सप्टेंबर १९४१, फिलाडेल्फिया, हंगामाचा शेवटचा दिवस, एका दिवसात दोन सामने. विल्यम्सच्या खात्यावर ४४८ बॅटिंगमध्ये १७९ हिट. भागाकार करा: .३९९५५. तीन आकड्यांत मांडलं की .४००. घरी बसला असता तरी चारशेची नोंद झाली असती, आणि मॅनेजरने तशी मोकळीकही दिली होती. तो दोन्ही सामने खेळला. पहिल्यात ५ पैकी ४, दुसऱ्यात ३ पैकी २. झाले ४५६ मध्ये १८५, म्हणजे .४०६. तेव्हा सॅक्रिफाइस फ्लायसुद्धा (स्वतः झेलबाद होऊन बेसवरच्या साथीदाराला धाव काढून देणारा फटका) अपयशात धरत. आजच्या नियमाने मोजलं तर सरासरी .४१० च्या पुढे जाते. अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये त्यानंतर चारशे कोणालाही गाठता आलेले नाहीत. १९९४ मध्ये टोनी ग्विन .३९४ वर होता आणि संपामुळे ऑगस्टमध्येच हंगाम बंद पडला.

त्याच १९४१ मध्ये जो डिमॅजिओने सलग ५६ सामन्यांत हिट मारली आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला गेला. मला तो निर्णय आजही पटत नाही. विल्यम्स शंभरातून ४८ वेळा बेसवर पोहोचायचा (वॉक, म्हणजे चार खराब चेंडूंवर फुकट मिळालेला पहिला बेस, धरून), आणि कारकिर्दीचा असा हिशेब आजवर त्याच्यापुढे कोणाचाच नाही. तेही दोन युद्धांत विमान चालवण्यात जवळजवळ पाच हंगाम गेले असताना. १९६६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्याचा सत्कार झाला, तेव्हा त्याने भर भाषणात सांगितलं की नीग्रो लीगचा पिचर सॅचेल पेज आणि जोश गिब्सन इथे असायला हवेत. तोवर तिथे नीग्रो लीगच्या कामगिरीला जागाच नव्हती. पाच वर्षांत पेजला घेतलं, सहाव्या वर्षी गिब्सनला. विल्यम्सबद्दल मला आदर आहे त्यातला बराचसा या भाषणामुळे.

आणि आता मेज. बॅटिंग, ताकद, धावणं, झेल, फेक या पाच गोष्टींत बेसबॉलचा खेळाडू तोलतात. पाचही अव्वल असलेला असा दुसरा माणूस मला सापडत नाही. ६६० होम रन, ३,२०० हून जास्त हिट, सेंटर फील्डवरच्या क्षेत्ररक्षणासाठी १२ गोल्ड ग्लव्ह. हा पुरस्कार सुरू झाला १९५७ मध्ये, म्हणजे त्याची सुरुवातीची वर्षं त्यात नाहीतच. लष्करी सेवेत १९५२ चा बहुतेक हंगाम आणि १९५३ चा पूर्ण गेला. नंतर त्याचा संघ जायंट्स न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि १९६० पासून मेज कँडलस्टिक पार्कच्या बोचऱ्या वाऱ्यात खेळला. हे अडथळे नसते तर रूथचे ७१४ त्याच्या आवाक्यात होते, असं मी छातीठोकपणे म्हणतो.

त्याचा १९५४ चा झेल सगळ्यांनी पाहिलाय, पण बहुतेक जण अर्धाच पाहतात. २९ सप्टेंबर, वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, पोलो ग्राउंड्स. धावसंख्या २-२, आठवी इनिंग, क्लीव्हलंडची माणसं पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर, आउट एकही नाही. व्हिक वर्ट्झने चेंडू सेंटर फील्डच्या पार टोकाला मारला, सव्वाचारशे फूट किंवा त्याहून लांब. मेज होम प्लेटकडे पाठ करून पळाला आणि खांद्यावरून आलेला चेंडू धावता धावता घेतला. इथपर्यंतचा फोटो प्रसिद्ध आहे. खरी मेख पुढे आहे. झेल घेतल्याच पावली तो गर्रकन वळला आणि चेंडू इनफील्डकडे भिरकावला, तो स्वतः खाली कोसळला आणि टोपी उडाली. इतक्या लांबच्या झेलावर दुसऱ्या बेसवरचा लॅरी डोबी थेट होम प्लेटवर येऊ शकला असता. त्याला तिसऱ्याच बेसवर थांबावं लागलं. धाव झाली नाही. दहाव्या इनिंगमध्ये जायंट्स जिंकले आणि हंगामात १११ सामने जिंकून आलेल्या क्लीव्हलंडला त्यांनी ४-० ने धुतलं. क्रिकेटमध्ये रनआउटची फेक आणि डीपमधला झेल दोन्ही पाहिलेल्या माणसाला या खेळीची किंमत लगेच कळेल. मुलाला ही चित्रफीत दाखवाल तेव्हा चेंडू हातात आल्यावर थांबवू नका.

हँक ॲरनबद्दल मी पक्षपाती आहे. एका हंगामात पन्नास होम रन त्याने कधीच मारले नाहीत. पण सलग २० हंगाम वीस किंवा त्याहून जास्त मारले. ८ एप्रिल १९७४ ला अटलांटात त्याने ७१५ वा मारून रूथला मागे टाकलं. त्याआधीचं वर्षभर एका गोऱ्या माणसाचा विक्रम मोडतो म्हणून त्याला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती आणि अंगरक्षक घेऊन फिरावं लागत होतं. तो ७५५ वर थांबला. हे सगळे होम रन खोडून टाकले तरी त्याच्या नावावर ३,००० हून जास्त हिट उरतात. कागदावरचा विक्रम आता बॅरी बाँड्सचा आहे: ७६२, आणि एका हंगामातले ७३. बाँड्स असामान्य बॅटर होता, यात वादच नाही. पण स्टेरॉइडच्या त्या वर्षांमधले आकडे मी ॲरनच्या रांगेत मांडत नाही, आणि पत्रकारांनी दहा वर्षं मतदान करून त्याला हॉल ऑफ फेमबाहेर ठेवलं ते मला मान्य आहे.

पिचरांसाठी इथे जागा थोडी आहे, तरी १९६८ सांगायलाच हवं. सेंट लुईसच्या बॉब गिब्सनने त्या वर्षी नऊ इनिंगमागे सरासरी १.१२ धावा दिल्या (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या सोडून). एकूणच बॅटर इतके हतबल झाले की पुढच्या वर्षी पिचरचा माउंड (तो उभा राहतो तो उंचवटा) १५ इंचांवरून १० इंचांवर आणला. एखाद्या पिढीने चांगली बॉलिंग केली म्हणून खेळपट्टीचाच नियम बदलावा, असा तो प्रकार. डॉजर्सचा सँडी कोफॅक्स त्याआधीच, १९६६ नंतर, कोपराच्या दुखण्याने वयाच्या ३० व्या वर्षी थांबला होता. सलग पाच-सहा वर्षांचा सर्वोत्तम पिचर निवडायचा तर मी त्याला निवडेन.

पोर्तो रिकोच्या रॉबर्टो क्लेमेंतेचं नाव तुमच्या मुलाला नक्की सांगा. त्याच्या नावावर बरोबर ३,००० हिट आहेत. ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं विमान समुद्रात कोसळलं, त्यात तो गेला. राइट फील्डमधून त्याची फेक अशी यायची की बेसवरची माणसं पळायचा विचार सोडून द्यायची.

राहिला ओहतानी. रूथने १९१९ नंतर नियमित पिचिंग सोडलं होतं. जपानचा शोहेइ ओहतानी पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करतो, आणि ते जगभरातून आलेल्या खेळाडूंच्या लीगमध्ये, रूथच्या वेळेपेक्षा कितीतरी वेगवान पिचिंगसमोर. २०२४ मध्ये ५४ होम रन आणि ५९ चोरलेले बेस हा संगम आधी कोणालाच जमला नव्हता. तरी मी त्याला अजून मेजच्या वर ठेवत नाही. पिचर म्हणून त्याची काही वर्षं कोपराच्या शस्त्रक्रियांमध्ये गेली आहेत आणि कारकीर्द अजून चालू आहे. पण एकाच सामन्याचं विचाराल, तर १७ ऑक्टोबर २०२५. मिल्वॉकीविरुद्ध लीगच्या अजिंक्यपदाचा चौथा सामना, डॉजर स्टेडियम. पहिल्या बॅटरला वॉक दिला, पुढच्या तिघांना स्ट्राइकआउट केलं, आणि लगेच बॅट हातात घेऊन होम रन मारला. सामना संपला तेव्हा त्याच्या नावावर पिचर म्हणून सहा इनिंग्ज, शून्य धावा, दहा स्ट्राइकआउट होते आणि बॅटर म्हणून तीन होम रन. रूथ, मेज, ॲरन, या सगळ्यांचे मोठे सामने मी स्कोअरकार्डवर पुन्हा पुन्हा वाचले आहेत. त्यांत याच्या तोडीचा एकही नाही.